आवाज येतो, शब्द येत नाही : अड्याळच्या एका खोलीतून होम थिएटर रिसीव्हरचा इतिहास

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज एक टप्पा खाली घ्या. का, ते पुढे कळेलच.

दिवाळीत मी घरी गेलो होतो, अड्याळला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भंडारा जिल्ह्यात, भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. एसटीतून उतरून गल्लीत वळलो आणि घर दिसायच्या आधी घरातला टीव्ही ऐकू आला. अख्ख्या गल्लीला बातम्या ऐकू जात होत्या. आत गेलो तर बाबा खुर्ची ओढून टीव्हीपासून दोन हातांवर बसलेले, आणि मला पाहिल्यावर पहिलं वाक्य काय, तर "काय बोलून रायला गा हा? काहीच समजत नाही."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चार महिने झाले. आता तूच सांग बाप्पा त्याईले, मी त थकली."

टीव्हीच्या खालच्या कप्प्यात बाबांचा रिसीव्हर होता. त्यावर आईनं विणलेला रुमाल, रुमालावर गणपती. म्हणजे आमच्याकडे एखादी वस्तू निवृत्त झाली की तिचं जे होतं ते. चार महिन्यांपूर्वी टीव्हीला जोडणारी त्याची एचडीएमआयची बाजू गेली. चित्र नाही, आवाज नाही. आणि बाबांचं ऐकणं नेमकं तेव्हापासून "गेलं", असं आईचं म्हणणं. खरं तर ते आधीच गेलेलं होतं, रिसीव्हरनं झाकून ठेवलं होतं इतकंच.

तर आजचा भाग त्या काळ्या डब्याबद्दल. मधल्या किमतीचा होम थिएटर रिसीव्हर, आज साधारण तीस ते साठ हजारांत येतो तो. यावरचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, किती वॅट, किती चॅनेल, कुठली कंपनी भारी. मला तो रस्ता धरायचा नाही. मी त्या चार दिवसांत ज्यांच्याकडे अशी यंत्रं आहेत त्यांना विचारत फिरलो, आणि सोबत त्या यंत्राचा इतिहास वाचत गेलो. गंमत अशी की दोन्हीकडे तक्रार एकच निघाली. शंभर वर्षं जवळपास तीच आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. आमच्याकडे "रिसीव्हर बिघडला" म्हटलं की समोरचा विचारतो, "डिशचा का?" त्याआधीची पिढी टेलिफोनचा रिसीव्हर समजायची. या डब्याला रिसीव्हर म्हणतात, कारण मुळात तो रेडिओ होता. पन्नासच्या दशकात अमेरिकेत हौशी लोक ट्यूनर वेगळा, प्रीॲम्प्लिफायर वेगळा, पॉवर ॲम्प्लिफायर वेगळा घ्यायचे आणि तारांचं जंजाळ करून बसायचे. १९५४ साली हार्मन कार्डन कंपनीनं हे सगळं एका पेटीत घातलं. रेडिओचे सिग्नल घेतो तो रिसीव्हर. पुढे त्याच पेटीत रेकॉर्ड प्लेअर, टेप, व्हीसीआर, डीव्हीडी, टीव्ही असं एकेक जोडत गेले. आज त्यातला रेडिओ कोणी लावत नाही, नाव मात्र तेच राहिलं.

पण ही गोष्ट खरं तर रेडिओपासून सुरू होत नाही, सिनेमापासून होते. १९३१ साली लंडनमध्ये ॲलन ब्लुमलाइन नावाचा तरुण इंजिनिअर बायकोबरोबर सिनेमा पाहायला गेला. बोलपट तेव्हा नवीनच होते. पडद्यावर माणूस एका कडेला, आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडून, जिथे एकुलता एक स्पीकर ठेवलाय तिथून. त्याला ते खटकलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यानं पेटंटचा अर्ज केला, आणि आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया त्यात आहे. स्टिरिओ म्हटलं की आपल्याला गाणी आठवतात. पण त्या माणसाला सतावत होतं ते पडद्यावरच्या माणसाचं बोलणं. बोलणारा जिथे आहे तिथून शब्द यावा, एवढंच. ब्लुमलाइन १९४२ मध्ये विमान अपघातात गेला. ३८ वर्षांचा होता.

दोन वर्षांनी, २७ एप्रिल १९३३ ला, अमेरिकेत बेल लॅबनं आणखी एक प्रयोग केला. फिलाडेल्फियात ऑर्केस्ट्रा वाजत होता आणि वॉशिंग्टनमध्ये रिकाम्या मंचासमोर बसलेले लोक तो ऐकत होते. तीन माइक, तीन टेलिफोन लाइन, तीन स्पीकर: डावा, उजवा आणि मधला. हा मधला लक्षात ठेवा. दोनच स्पीकर असले तर खोलीच्या बरोबर मध्यात बसलेल्याला आवाज मधून आल्यासारखा वाटतो, पण बाजूला बसलेल्याला तो जवळच्या स्पीकरकडे सरकलेला वाटतो. सिनेमाचं थिएटर म्हणजे बाजूला बसलेल्यांनीच भरलेलं असतं. म्हणून पडद्यामागचा मधला स्पीकर आला, आणि संवादांचं काम त्याच्याकडे गेलं.

आता हे सगळं चाललं होतं तेव्हा आमच्या झाडीपट्टीत काय होतं? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा. दंडार होती, खडी गंमत होती, आणि रात्रभर चालणारी नाटकं होती. शंकरपट भरला, पाहुणे आले, की रात्री नाटक. आजही दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, वडशाला म्हणजे देसाईगंजला कंपन्यांची गर्दी असते. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी डोळ्यांसमोर आणा: उघड्यावर मांडव, थंडी, सतरंजी आणि तट्ट्यांवर बसलेली माणसं, आणि सगळ्यात मागे शाल गुंडाळून बसलेल्या म्हाताऱ्या.

आमच्या गावाजवळ एक बिछायत केंद्र आहे. पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, तुमच्याकडे मंडप डेकोरेटर्स म्हणतात ते. मालकांना आम्ही काकाजी म्हणतो. त्यांच्या गोदामात गेलो तर एका भिंतीला नवे बॉक्स, काळे, कपाटाएवढे. आणि कोपऱ्यात ॲल्युमिनियमचे जुने भोंगे, अजून वापरातले. मी विचारलं, हे काऊन ठेवले?

काकाजी म्हणाले, "लग्नात बॉक्स. पन भागवत असो, सभा असो, मयतीचा निरोप असो, भोंगा. मागच्या म्हातारीले समजलं पायजे न."

हे त्यांनी पन्नास वर्षांच्या अनुभवानं सांगितलं आणि विज्ञान त्यांच्या बाजूला आहे. भोंग्यातून खालचा, ढमढम आवाज निघतच नाही. साधारण तीनशे-चारशे हर्ट्झच्या खाली तो जवळपास मुका असतो. पण माणसाच्या बोलण्यात शब्द ओळखू यायला जो भाग लागतो तो या पट्ट्याच्या वर आहे. स, त, फ, क, च ही व्यंजनं साधारण दोन ते आठ हजार हर्ट्झच्या दरम्यान असतात आणि ती मुळात दुबळी. अ, आ, ओ हे स्वर खाली असतात आणि जोरदार. म्हणजे बोलण्याचा जोर स्वरांत आणि अर्थ व्यंजनांत. भोंगा गाण्याचं वाटोळं करतो, पण शब्द पोचवतो.

(मध्येच एक: आमच्या झाडीबोलीत श आणि ष नाहीतच, दोन्हीच्या जागी स. ण नाही, ळ नाही. बाबा म्हणतात, अर्धी अक्षरं आम्ही आधीच गाळली, तरी कंपनीवाल्यांना उरलेली पोचवता येत नाहीत.)

भोंग्यानंतर आमच्या घरात काय काय आलं ते भराभर सांगतो. आजोबांचा रेडिओ, त्यावर नागपूर केंद्र आणि विविध भारती. मग १९८७ मध्ये रामायण, शेजारच्या गुरुजींकडे टीव्ही आणि रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर अर्धी आळी. तो टीव्ही मोनो, एक छोटासा स्पीकर, पण तो पुढच्या बाजूला, तोंड तुमच्याकडे. रामाचा शब्द न् शब्द कळायचा. आजच्या पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नाही, तो खाली नाहीतर मागे तोंड करून भिंतीशी बोलतो. चित्र दहापट सुधारलं आणि बोलणं मागे गेलं. हे बाबांच्या कानांचं नाही, तुमच्याही घरात तपासा.

मग आली ४४४०. ज्यांचं बालपण गावात गेलं त्यांना हा आकडा सांगायची गरज नाही. एलए ४४४०, सान्यो कंपनीची छोटी ॲम्प्लिफायर आयसी, मूळ कारच्या टेपसाठी. बारा व्होल्टवर चालते, दोन बाजूंना सहा-सहा वॅट, आणि जोडून एकच बाजू केली तर १९ वॅट. ट्रॅक्टरमध्ये ती, काळीपिवळीत ती, पानठेल्यावर ती, मडक्यात उलटा घातलेल्या स्पीकरमागे ती. चौकातला रिपेअरिंगवाला दादा आयसी बदलून द्यायचा, चहा होईपर्यंत काम झालेलं असायचं. आणि याच काळात खोक्यांवर आकडे यायला लागले, ३००० वॅट पीएमपीओ, ५००० वॅट पीएमपीओ. त्या खोक्याचा ॲडॅप्टर पाहा, १२ व्होल्ट २ अँपिअर. गुणाकार करा, २४ वॅट. आत २४ जाणार आणि बाहेर ५००० निघणार. दुधात पाणी घालणारेही इतकं घालत नाहीत.

हा खेळ अमेरिकेत आपल्या आधी खेळून झाला होता. साठ-सत्तरच्या दशकात तिथे कंपन्या इतके फुगवलेले वॅट छापायला लागल्या की १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं नियमच केला: सतत किती वॅट देतो ते सांगा, आणि कोणत्या अटींवर तेही सांगा. पन्नास वर्षांनी, २०२४ मध्ये, त्यांना तो नियम पुन्हा कडक करावा लागला. कारण? होम थिएटर. खोक्यावर "१०० वॅट प्रत्येक चॅनेलला" असतं आणि खाली बारीक अक्षरांत, दोनच चॅनेल चालू असताना. सात एकदम चालले तर वीजपुरवठा तेवढाच, मग वाटणी होते.

आणि समजा खरेच शंभर असले तरी काय? वॅट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे जेमतेम कळेल एवढा. ८० वॅटचं मॉडेल सोडून १०० वॅटचं घेतलं तर फरक एक डेसिबल. कानाला दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. माझं मत विचाराल तर मधल्या किमतीच्या रिसीव्हरमध्ये वॅटसाठी पुढचं मॉडेल घेणं म्हणजे पैसे विहिरीत टाकणं. सगळेच मालक हे मान्य करणार नाहीत, माहीत आहे.

बरं, मग पैसे कशाचे? इथे आपल्या गोष्टीत रे डॉल्बी येतो. थिएटरात ते नाव पाहून तुम्ही शिट्ट्या मारल्या असतील. हा माणूस १९६३ ते ६५ अशी दोन वर्षं भारतात होता, युनेस्कोचा सल्लागार म्हणून, केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेच्या कामासाठी. इथून गेला आणि १९६५ मध्येच लंडनला स्वतःची प्रयोगशाळा काढली. सुरुवात टेपमधली खरखर कमी करण्यापासून. पुढे त्याच्या कंपनीनं सिनेमाच्या फिल्मवर दोनच आवाजपट्ट्यांत चार चॅनेल कोंबायची युक्ती बसवली, डावा, उजवा, मधला आणि मागचा. १९७७ च्या स्टार वॉर्सनं ती गाजवली.

आपल्याकडे त्याआधी दोन वर्षं शोले आलेला, ७० एमएम आणि स्टिरिओफोनिक. पण ते मोजक्या थिएटरांत. लहान गावांकडे आली ती ३५ एमएमची मोनो प्रिंट. बाबांनी शोले भंडाऱ्याला पाहिला, एकाच स्पीकरवर, आणि गब्बरचे सगळे संवाद त्यांना आजही पाठ आहेत. स्टिरिओ नव्हता म्हणून काही अडलं नाही. शब्द पोचले होते.

घरी हे तंत्र १९८२ मध्ये आलं, डॉल्बी सराउंड नावानं. पण या पहिल्या घरगुती फेरीत मधल्या चॅनेलला वेगळं केलंच नव्हतं. म्हणजे मागून हेलिकॉप्टर ऐकू येणार, पण बोलणं डाव्या-उजव्यात वाटलेलं. १९८७ मध्ये प्रोलॉजिक आलं आणि त्यानं मधला स्पीकर घरात आणला. संवाद ओळखून मधे ढकलायचे. होम थिएटर रिसीव्हर नावाची वस्तू माझ्या लेखी तिथून सुरू होते. पुढे नव्वदच्या दशकात डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस आले, प्रत्येक चॅनेल वेगळाच नोंदवलेला, आणि डीव्हीडीनं ते घराघरात पोचवलं. २०१२ पासून ॲटमॉस, छताकडूनही आवाज. पण बोलणं? ते अजून त्या मधल्या डब्यातूनच येतं.

आता मालक काय म्हणतात ते.

पवनीकडचे एक सर आहेत, शाळेत गणित शिकवतात. २०१६ मध्ये सैराट पाहून आले आणि पुढच्या महिन्यात नागपुरातून रिसीव्हर घेऊन आले. अजय-अतुलनं त्यातलं वाद्यवृंदाचं काम लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केलंय, ते मोबाइलवर ऐकणं पाप आहे, असं त्यांचं म्हणणं. पाच स्पीकर, एक वूफर. मी विचारलं, समाधानी आहात? म्हणाले, पूर्ण. मग मी मागे पाहिलं तर मागचे दोन स्पीकर नव्हते. "रंग द्यायला काढले होते." कधी? "मुलीच्या लग्नात." मुलीचा मुलगा आता चालायला लागलाय. सर खोटं बोलत नव्हते. समाधान पूर्ण आहे, चॅनेल तीन आहेत.

भंडाऱ्याच्या एका पोरानं तर कंपनीचा रिसीव्हर घेतलाच नाही. नागपूरच्या सीताबर्डीतून आणि ऑनलाइन दिल्लीहून बोर्ड मागवले, जाड ट्रान्सफॉर्मर, ५२०० आणि १९४३ ट्रान्झिस्टरची जोडी, वर रिमोट. पत्र्याचा डबा, पुढे निळे दिवे. त्याचं मत ऐका, मला फार आवडलं: "दादा, कंपनीचा जळला त मी कंपनीच्या दारात. माझा जळला त तीनशे रुपयात अर्ध्या तासात चालू." पण त्याच्याकडे मधल्या चॅनेलवर फक्त डाव्या-उजव्याची बेरीज येते. सिनेमा लावला तर धडामधूम एक नंबर, कुजबुज गायब. तो म्हणतो कुजबुज ऐकायला कोण आलंय.

पुण्याच्या चुलतभावाकडे ॲटमॉस आहे. तो एक वर्षात दोनदाच पूर्ण आवाजात लावू शकलाय, सोसायटीमुळे. रात्री तो लावतो ती सेटिंग म्हणजे मोठा आवाज दाबायचा आणि बारीक उचलायचा. नाइट मोड म्हणतात काही ठिकाणी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि सगळ्यांत जास्त तक्रार कशाची आली माहितीये? आवाजाची नाहीच. उष्णतेची आणि विजेची. या यंत्रांच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये मागच्या पानावर लिहिलेलं असतं, ५ ते ३५ अंशात वापरा. मंडळी, विदर्भात मे महिन्यात सावलीत ४५ असतं. त्यात असा रिसीव्हर आत जाणाऱ्या विजेतला मोठा हिस्सा नुसती उष्णता करून टाकतो, आणि आपण तो बंद कप्प्यात ठेवून वर रुमाल घालतो. व्होल्टेजचं तर विचारू नका. २००५ च्या पुढची ती लोडशेडिंगची वर्षं आठवतात? लाइट यायचा तो धक्का देत यायचा. दोघांनी पाल सांगितली, ऊबेला आत गेली आणि बोर्डासकट मेली. परदेशातल्या चाचण्यांत पालीचा रकाना नसतो.

आता बाबांचं. बाबांनी तीस वर्षं राईस मिलमध्ये काढली. धानाचा आमचा भाग, मिल कमी नाहीत. हलर आणि पॉलिशरच्या मधे उभं राहून आयुष्य. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज वर्षानुवर्षं ऐकला तर कान जातात, हे आता सगळे सांगतात. आधी जातो तो चार हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग. म्हणजे नेमकी व्यंजनं. म्हणून असा माणूस बहिरा वाटत नाही. दारावरची थाप ऐकू येते, ट्रॅक्टर ऐकू येतो, हाक ऐकू येते. आवाज येतो, शब्द येत नाही. आपण ओरडतो, म्हणजे स्वर मोठे करतो, व्यंजनं तिथेच राहतात, आणि तो म्हणतो, वरडून काऊन रायला?

२०१३ मध्ये निवृत्त झाल्यावर बाबा नागपूरला गेले आणि अठ्ठावीस हजारांचा रिसीव्हर घेऊन एसटीनं परत आले, नऊ-दहा किलोचं खोकं मांडीवर. आई महिनाभर बोलली नव्हती. आम्ही भावंडं हसलो होतो, म्हाताऱ्याला डीजे व्हायचंय म्हणून. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो आणि फोनवर त्यांना वॅटबद्दल उपदेश केला होता, ते आठवून आता लाज वाटते. त्यांनी वॅट पाहिलेच नव्हते. दुकानात त्यांनी प्रत्येक यंत्रावर बातम्या लावायला सांगितल्या. गाणी नाही, बातम्या. ज्यावर शब्द समजले ते घेतलं. मधल्या स्पीकरचा आवाज त्यांनी मेनूत जाऊन एकट्यानं वर चढवून ठेवला होता. मी हे यावेळी पाहिलं. अधिक सहा. इंग्रजी मेनू, वाचता येत नाही म्हणून कागदावर बाणांची चित्रं काढलेली होती, खालचे बाण तीन वेळा, उजवा दोन वेळा. तो कागद रिसीव्हरखाली होता.

मी दुरुस्तीच्या मागे लागलो. चौकातल्या रिपेअरिंगवाल्या दादाला उघडून दाखवला. जुन्या रेडिओच्या झाकणाला आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा, तो वाचून ही पिढी शिकली. दादानं टॉर्च मारून पाहिलं, अर्धा मिनिट गप्प राहिला. "ॲम्प्लिफायर एकदम जिता हाये गा. हे वरचं हिरवं गेलं. ह्या चिपले पाय पन नाहीत दिसत, मी कोठी डाग देऊ?" नागपूरला ज्या सर्व्हिस सेंटरला फोन केला त्यांनी सांगितलं, एवढ्या जुन्या मॉडेलचा बोर्ड येत नाही, नवीन घ्या. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, तेही पाहिलं. फोन करायचा नंबर मिळतो. बोर्ड काही मिळत नाही.

इथे इतिहासाची एक विचित्र गोष्ट आहे. ॲम्प्लिफायर तीस वर्षं टिकतो. लोकांकडे सत्तरच्या दशकातले अजून वाजतात. पण २००२ मध्ये एचडीएमआय आलं, आणि चित्र-आवाज दोन्ही एकाच केबलनं रिसीव्हरमधून जायला लागले. तिथून या डब्याचं आयुष्य टीव्हीच्या आयुष्याला बांधलं गेलं. ४के आलं, नकलेविरुद्धचं नवं कुलूप आलं, आणि कालचे उत्तम रिसीव्हर रातोरात "जुने" झाले. २०२० मध्ये तर जपानी कंपन्यांच्या नव्याकोऱ्या मॉडेलमधली एचडीएमआय चिपच सदोष निघाली, नव्या एक्सबॉक्सचं चित्र काळं पडायचं. एकानं वेगळा जोडडबा दिला, दुसऱ्यानं बोर्ड बदलले. आवाजाचा भाग त्या सगळ्यांत ठणठणीत होता.

उपाय दादानंच सुचवला. मागे एक चौकोनी भोक होतं, त्यावर धूळ बसलेलं झाकण. ऑप्टिकल. तोशिबानं १९८३ मध्ये काढलेली, तारेऐवजी प्रकाशानं आवाज नेणारी केबल. टीव्हीलाही ते भोक असतं. चित्र टीव्हीत थेट जाऊ द्यायचं, आवाज तेवढा प्रकाशातून रिसीव्हरला. ॲटमॉस नाही येणार त्यातून, पण पाच चॅनेलचं डॉल्बी येतं, मधल्यासकट. केबल भंडाऱ्यात मिळाली, अडीचशे रुपये. रुमाल काढला, गणपती शोकेसमध्ये गेला, रिसीव्हर कप्प्यातून काढून वर मोकळ्या हवेत ठेवला, स्टॅबिलायझर लावला. मधला अधिक सहा. चुलतभावाची रात्रीची सेटिंग चालू केली. वूफर बंद.

बाबांना मागच्या सोफ्यावर बसवलं आणि बातम्या लावल्या. आवाज पूर्वीच्या निम्माही नव्हता. ते काही बोलले नाहीत. पाच मिनिटांनी आईला म्हणाले, "गोसीखुर्दचं पानी सोडून रायले वाटते."

आई माझ्याकडे पाहत राहिली, कारण त्यांनी ते पडद्यावर वाचलं नव्हतं. चश्मा टेबलावर होता.

यंत्रानं सगळं सुटलेलं नाही. टीव्हीत मधला चॅनेल असतो, माझ्या आईत नाही. ती बोलते ते अजून त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागतं. कानाची तपासणी करायला भंडाऱ्याला चला म्हटलं तर बाबा म्हणाले, कानात यंत्र घालून फिरणाऱ्याला गावात लोक म्हातारा म्हणतात. त्यांना ७४ पूर्ण झालीत. मग मी त्यांना सांगितलं की कानातलं यंत्र म्हणजेही ॲम्प्लिफायरच, फक्त तो व्यंजनांचाच आवाज वाढवतो, वूफर नसलेला. थोडा वेळ विचार करून त्यांनी विचारलं, "किती वॅटचं असते गा?"

पुढच्या महिन्यातली तारीख घेतलीय. मी येतो म्हटलंय. काय होतं ते सांगीन.